जखम भरली, पण ते मज्जातंतूला कळलं का?

प्रश्न : माझं वय ६७. चार महिन्यांपूर्वी छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली होती. फोड तीन आठवड्यांत सुकले, आता नुसते फिकट डाग आहेत. पण त्या पट्ट्यात अजून भगभग होते. कपडा घासला तरी चटका बसतो, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. घरचे म्हणतात, "कातडी बरी झाली, आता मनातून काढून टाक." डॉक्टरांनी प्रीगॅबालिन दिलं आहे, माहितीपत्रक वाचलं तर ते फिट्सवरचं औषध निघालं. शिवाय गेल्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की अशा दुखण्यात 'जनुकांचं काम बदलतं'. म्हणजे हे पुढे माझ्या मुलींनाही होणार का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रात त्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ ओढली आहे. नाही, हे तुमच्या मुलींकडे जाणार नाही. पुढच्या पिढीत जनुकं जातात ती बीजांडातून आणि शुक्राणूतून. तुमच्यात जे बदललं आहे ते पाठीच्या कण्याला लागून असलेल्या थोड्याशा चेतापेशींमध्ये, आणि तिथेही जनुकांचा मजकूर जन्माच्या दिवशी होता तोच आहे. कोणतं जनुक किती वाचायचं, तेवढं बदललं आहे. गेल्या अंकात मी हे फोड करून लिहायला हवं होतं. तुमची काळजी वाढली याचं मला वाईट वाटलं.

आता 'मनातून काढून टाक' म्हणणाऱ्यांना पुढचा भाग वाचून दाखवा.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी, दोन मणक्यांच्या फटीत, एक बारीक गाठ असते. मानेखालच्या त्वचेची खबर आणणाऱ्या चेतापेशींचा मुख्य देह या गाठींत असतो. त्वचेत पोचतात ते फक्त त्यांचे लांब तंतू. विषाणू याच गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती सैलावली की तो जागा होतो आणि त्याच तंतूंच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच नागीण एका बाजूला, एका पट्ट्यात उठते. फोड हे त्या वाटेचं शेवटचं टोक झालं. खरा घाव गाठीत बसलेला असतो, आणि गाठ काही डोळ्यांना दिसत नाही.

मी चोवीस वर्षं उंदरांच्या या गाठींवर काम केलं. गाठ मोहरीच्या दाण्याएवढी. विकराच्या (एन्झाइमच्या) द्रावणात ती हळूहळू सुटी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी टपोऱ्या थेंबांसारख्या दिसतात. काचेची नळी तापवून ओढायची, टोक साधारण एका मायक्रोमीटरचं. ते पेशीच्या पापुद्र्याला अलगद टेकवून तोंडाने जराशी हवा ओढायची. काच चिकटली की पडद्यावरची थरथरणारी रेषा एकदम सपाट होते. मग वाट बघत बसायचं. अचानक रेषा एक पायरी खाली उतरते, क्षणाचाही अंश नाही तोवर परत वर येते. त्या पायरीत एक प्रथिन उघडून मिटलेलं असतं. एकच रेणू! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, प्रयोगशाळेत मी एकटीच होते, आणि कुणाला तरी हाक मारून हे दाखवावं असं सारखं वाटत होतं.

ते प्रथिन म्हणजे आयन वाहिनी, पेशीच्या पापुद्र्यातलं एक दार, ज्यातून सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण आत-बाहेर जातात. सोडियमच्या वाहिन्या उघडल्या की संदेश पेटतो, पोटॅशियमच्या उघडल्या की तो विझतो, आणि तंतूच्या मज्जारज्जूतल्या टोकाशी कॅल्शियमच्या वाहिन्या तो पुढच्या पेशीच्या हवाली करतात. पेशी शांत राहील की जरा वारा लागताच पेट घेईल, हे तिच्या अंगावर यांतल्या कोणत्या जातीच्या किती वाहिन्या आहेत यावर ठरतं. यातली कुठलीही वाहिनी कायमची बसवलेली नसते. काही तासांत, फार तर काही दिवसांत ती जीर्ण होते. पेशी ती मोडीत काढते आणि नवी घडवते. नवी घडवायची तर केंद्रकात जाऊन ते जनुक वाचावं लागतं, त्याची आरएनए प्रत काढावी लागते. चेतापेशीचा स्वभाव असा रोज नव्याने घडतो.

आणि घडवताना ती ऐकते त्वचेचं. त्वचेतल्या पेशी 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' नावाचं एक प्रथिन थोडं थोडं स्रवतात. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते याच्या आणि याच्यासारख्या वाढघटकांच्या शोधासाठी. तंतूचं टोक हे प्रथिन पकडतं, एका सूक्ष्म पुटकुळीत भरतं आणि आतल्या वाटेने गाठीकडे रवाना करतं. पायाच्या अंगठ्यापासून कमरेतल्या गाठीपर्यंत हा प्रवास जवळजवळ मीटरभराचा, त्याला कित्येक दिवस लागतात. ही खबर येत राहते तोवर केंद्रकाला पक्कं ठाऊक असतं की पलीकडे त्वचा आहे, सगळं जागेवर आहे.

तंतू तुटला की खबर थांबते. उंदरांमध्ये तंतू कापून पाहिलं तेव्हा वेदनेच्या पेशींत एरवी भरपूर असणाऱ्या नॅव्ह १.८ आणि नॅव्ह १.९ या सोडियम वाहिन्यांच्या आरएनए प्रती घटल्या. त्यांच्या जागी नॅव्ह १.३ उगवली. ही वाहिनी गर्भावस्थेतली. मोठेपणी या पेशींत तिचं जनुक गप्प असतं. घाव बसल्यावर पेशी जणू आपलं बालपण पुन्हा उघडून बसते. नॅव्ह १.३ ची खोड अशी की एकदा उघडून मिटली की ती फार लवकर पुन्हा तयार होते, त्यामुळे पेशी लागोपाठ ठिणग्या टाकू शकते.

तिकडे पोटॅशियमच्या वाहिन्या, म्हणजे विझवणाऱ्या, कमी होतात. हे कसं घडतं ते उलगडायला लागलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की घावानंतर केव्ही १.२ या वाहिनीचं जनुक उलट्या बाजूनेही वाचलं जायला लागतं. त्या उलट्या वाचनातून निघालेला आरएनए प्रथिन बनवत नाही, पण सरळ बाजूच्या वाचनाला खीळ घालतो. २०१५ मध्ये आणखी एक धागा हाती आला. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर जी९ए नावाचं एक विकर रासायनिक खुणा करतं, आणि पोटॅशियम वाहिन्यांच्या जनुकांची गुंडाळी आवळली जाते. मजकूर जसाच्या तसा, पण पान उघडेना. उंदरांत हे विकर रोखलं तेव्हा पान उघडलं, वाहिन्या परत आल्या आणि वेदना उतरली.

आता तुमचं औषध. घावानंतर गाठीतल्या पेशी आणखी एक जनुक जोरात वाचायला लागतात, कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा नावाच्या जोडभागाचं. हा भाग कॅल्शियम वाहिन्यांना तंतूच्या मज्जारज्जूतल्या टोकापर्यंत पोचवायला मदत करतो. तो वाढला की तिथे संदेश जास्त जोमाने पुढे ढकलला जातो. प्रीगॅबालिन नेमकं याच भागाला चिकटतं. फिट्समध्येही चेतापेशींचा हाच अतिउत्साह आवरायचा असतो, म्हणून दोन्हींवर औषध एक. ते मनाने बंद करू नका. कमी करायचं झालं तरी डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. झोप फार येत असेल, तोल जात असेल तर तेही त्यांना सांगा.

नागिणीत तंतू सुरीने कापला जात नाही, तो विषाणूने आणि सुजेने होरपळतो. तरी उरलेल्या पेशी बिथरतात त्या साधारण याच वाटेने.

एक स्वतःचं सांगते. प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटून माझ्या डाव्या तर्जनीचा एका बाजूचा मज्जातंतू तुटला होता. शल्यविशारदांनी टोकं जोडली. आधी बोट बधिर झालं, मग तिसऱ्या आठवड्यापासून अशी विचित्र अवस्था आली की सुई टोचलेली कळत नसे, पण कापसाचा बोळा लागला की कळ खांद्यापर्यंत जाई. बोटावर टिचकी मारत गेलं की एका ठरावीक जागी झिणझिणी उठायची, तिथवर नवे तंतू पोचलेले असतात. दर रविवारी मी त्या जागी पेनाने टिंब काढत असे. आठवड्याला साधारण सहा-सात मिलिमीटर. तंतू दिवसाला मिलिमीटरभर वाढतो हे पुस्तकात शंभरदा शिकवलं होतं. स्वतःच्या बोटावर टिंबं मोजताना मात्र श्वास रोखला जायचा. साडेतीन महिन्यांनी टिंब नखाशी पोचलं. पुढच्या काही महिन्यांत कापसाची कळ गेली. तंतू त्वचेला भिडला होता, खबर परत सुरू झाली होती. कापलेल्या तंतूच्या उंदरांना बाहेरून नर्व्ह ग्रोथ फॅक्टर दिलं की नॅव्ह १.८ च्या आरएनए प्रती परत वाढतात, हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून ते माझ्यासाठी नुसतं आलेखावरचं राहिलं नाही.

तुमची वेदना खरी आहे आणि तिला जागा आहे. नागिणीनंतरची ही वेदना बऱ्याच जणांची महिन्यांच्या हिशेबात ओसरते. तोवर ती निमूट सोसायची गरज नाही. प्रीगॅबालिन पुरेसं पडत नसेल तर सोडियम वाहिन्या रोखणारी लिडोकेनची चिकटपट्टी आहे, तिच्याबद्दल विचारा. आणि डॉक्टरांकडे जाताना नुसतं 'दुखतं' म्हणू नका. भगभग, ठणका, सल, कळ, चुरचुर, मुंग्या हे शब्द आपण उगीच वेगवेगळे केलेले नाहीत. तुम्ही पत्रात 'भगभग' आणि 'चटका' लिहिलंत, त्यावरून मला बराच अंदाज आला.

प्रश्न : मी बारावीला आहे. शरीरातल्या सगळ्या पेशींत तोच डीएनए असतो, तर मग एका चेतापेशीला उष्णता, दुसरीला थंडी आणि तिसरीला स्पर्श कसा काय कळतो?

उत्तर : तुझ्या पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे आणि तुझी शंकाही बरोबर आहे. उष्णता कळते ती टीआरपीव्ही-१ या वाहिनीमुळे. ती ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडते. मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तीच उघडते, म्हणून मिरचीला आपण जाळ म्हणतो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती शोधली. थंडीसाठी टीआरपीएम-८, ती मेंथॉललाही फसते. स्पर्शासाठी पीझो-२, आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधलेली. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. या सगळ्यांची जनुकं तुझ्या प्रत्येक पेशीत आहेत, यकृतातसुद्धा. तुझा खरा प्रश्न आहे की कुठलं वाचायचं हे कोण ठरवतं.

ठरवतात ती डीएनएवर बसून वाचन सुरू किंवा बंद करणारी प्रथिनं. त्यातलं एक फार मोलाचं म्हणजे रंक्स-१. गर्भात वेदना आणि तापमानाच्या बहुतेक पेशी सुरुवातीला सारख्याच असतात. सगळ्यांवर नर्व्ह ग्रोथ फॅक्टर पकडणारा ट्रॅक-ए हा ग्राहक असतो. मग काहींमध्ये रंक्स-१ टिकून राहतं आणि त्या ट्रॅक-ए सोडून देऊन वेगळ्या वाटेला लागतात. २००६ मध्ये उंदरांच्या संवेदी पेशींतून रंक्स-१ काढून टाकलं तेव्हा टीआरपीएम-८ सकट तापमानाच्या कितीतरी वाहिन्या दिसेनाशा झाल्या, आणि त्या उंदरांना ऊन-थंड नीट उमगेना. जनुकं सगळी शाबूत होती, वाचणारा नव्हता.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगते. रक्त पिणाऱ्या वटवाघळाला सावजाच्या अंगातली ऊब लांबून कळते. कातडीखाली रक्त कुठे वाहतंय ते त्याचं नाक हेरतं. त्यासाठी त्याच्याकडे नवं जनुक आलेलं नाही. २०११ मध्ये कळलं की ते आपलं तेच टीआरपीव्ही-१ वापरतं, पण चेहऱ्याच्या गाठीतल्या पेशींत त्या जनुकाच्या आरएनएची कापाजोड, म्हणजे प्रतीतले काही तुकडे कापून उरलेले जोडणं, निराळी होते. प्रथिनाचं शेपूट आखूड राहतं, आणि आखूड शेपटीची वाहिनी ३० अंशांच्या आसपासच उघडते. त्याच वटवाघळाच्या कण्याजवळच्या गाठींत मात्र जवळजवळ सगळी लांब शेपटीची वाहिनी, जी चाळिशीच्या घरात उघडते आणि भाजण्यापासून वाचवते. एकच प्राणी, एकच जनुक. नाकाला ऊब कळते, पाठीला चटका कळतो.

तुला या विषयात पुढे जायचं असेल तर आत्ताच एक सवय लाव. 'अमुक गोष्टीचं जनुक' असं कुठे वाचलंस की लगेच विचार : कुठल्या पेशीत, कधी, आणि किती वाचलं जातं?

प्रश्न : गुडघ्याला कॅप्सेसिनचं मलम लावतो. पहिले काही दिवस आग होते, मग तिथे बधिर वाटतं आणि दुखणं कमी होतं. म्हणजे मलमाने जनुकं बंद पडतात का?

उत्तर : नाही, यात मुख्य काम जनुकांचं नाही. टीआरपीव्ही-१ बराच वेळ उघडी राहिली की पेशीत कॅल्शियम भरतं आणि वाहिनी स्वतःच मंदावते. मात्रा जास्त असेल तर तंतूंची टोकं काही काळ त्वचेतून मागे हटतात. मलम थांबवलं की ती पुन्हा वाढतात. जनुकांमार्फत होणारे बदल तासा-दिवसांनी उमटतात, पहिल्याच मिनिटाची आग किंवा शांतता त्यांची नसते. मलम लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्याला लावू नका, आणि चिरलेल्या त्वचेवर तर मुळीच नको.

प्रश्न : मला १९ वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायांची रात्री आग होते आणि दिवसा पाय रबरी वाटतात. मध्यंतरी वाचलं की काही लोकांना जन्मभर वेदनाच होत नाही, एका जनुकामुळे. मग ते जनुक आमच्यासारख्यांचं बंद का करत नाहीत?

उत्तर : तुमच्या प्रश्नातली कळकळ मला पोचली. ज्या जनुकाबद्दल तुम्ही वाचलंत ते एससीएन९ए, नॅव्ह १.७ या सोडियम वाहिनीचं. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सहा मुलांमध्ये ही वाहिनी चालतच नव्हती. संशोधकांना या कुटुंबांचा माग लागला तो एका मुलामुळे. तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडात सुरी खुपसायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदा वर्षांचा व्हायच्या आधीच छतावरून उडी मारून तो गेला. बाकीच्या मुलांचे ओठ फाटलेले, जिभेची टोकं स्वतःच चावून गेलेली, हाडं मोडून कळलेलंच नाही. हा शोधनिबंध मी अनेकदा वाचला आहे. त्या मुलाचा परिच्छेद आला की अजून थांबते.

याच्या उलट, हीच वाहिनी गरजेपेक्षा सहज उघडत असेल तर हातापायांना जाळ लागल्यासारखं होतं. त्या आजाराचं कारण याच जनुकात असल्याचं २००४ मध्ये दिसलं होतं. एकाच जनुकाची ही दोन टोकं पाहिल्यावर औषध कंपन्या नॅव्ह १.७ रोखणारं औषध शोधायला धावल्या, पण हाती फारसं लागलं नाही. एक कारण मला विलक्षण वाटतं. ज्यांच्यात नॅव्ह १.७ जन्मापासून नसते त्यांच्या संवेदी पेशी एक दुसरं जनुक जास्त वाचायला लागतात, शरीराची स्वतःची अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं बनवणारं. २०१५ मध्ये अशा एका स्त्रीला अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिलं, तेव्हा जन्मात प्रथमच तिला चटक्याची वेदना जाणवली. म्हणजे तिच्या बेफिकिरीतला काही वाटा वाहिनीच्या अभावाचा, आणि काही त्या अभावामुळे बदललेल्या जनुकवाचनाचा. नुसती वाहिनी बुजवणाऱ्या औषधाला हा दुसरा वाटा कुठून मिळणार?

तरी काम थांबलेलं नाही. नॅव्ह १.८ रोखणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या तात्पुरत्या, तीव्र दुखण्यासाठी. तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं काम २०२१ मध्ये उंदरांवर झालं. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राची कात्री बोथट केली, म्हणजे ती डीएनए कापणार नाही, फक्त एससीएन९ए वर जाऊन बसेल आणि त्याचं वाचन मंद करेल. उंदरांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात हे सोडलं आणि वेदना कित्येक आठवडे कमी राहिली. मजकुराला धक्का नाही, वाचन तेवढं कमी. मला स्वतःला पुढची दिशा हीच वाटते. माणसांसाठी आज ते औषध म्हणून हातात नाही, आणि कोणी पैसे घेऊन 'जनुक बंद करून देतो' म्हणत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

तुमच्या पायांत दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. काही तंतू मागे हटले आहेत, ते रबरी वाटणं. आणि उरलेले चिडले आहेत, ती आग. आगीवर उपाय आहेत, साखर ताब्यात ठेवणं हा त्यांतला पहिला, आणि औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पण मला जास्त धास्ती वाटते ती रबरी वाटण्याची, कारण त्या मुलांसारखंच तुमच्या तळव्यालाही टोचलेलं कळणार नाही. रोज रात्री झोपण्याआधी आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघा. चपला घालण्याआधी आत हात फिरवा. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने पाहा. लाल डाग, फोड, चीर, काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दुसऱ्या दिवशी दाखवा.